गाडी एक, कलमे चार

गुरुग्रामच्या रस्त्यावर ३० जून २०२४ च्या रात्री बारा वाजण्यापूर्वी कोणी एखाद्या महिलेच्या गळ्यातील साखळी हिसकावली असेल, तर त्या गुन्ह्यासाठी हरियाणात किमान पाच आणि कमाल दहा वर्षे सक्तमजुरीची तरतूद होती. तीच साखळी, त्याच रस्त्यावर, बारा वाजून पाच मिनिटांनी हिसकावली गेली असेल, तर शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षे, आणि किमान शिक्षेचे बंधन अजिबात नाही. हरियाणाच्या विधानसभेने या दोन घटनांच्या मधल्या काळात काहीही केले नव्हते. संसदेनेही हरियाणातील साखळीचोरांवर दया दाखवावी असा ठराव केला नव्हता. त्या मध्यरात्री १८६० ची भारतीय दंड संहिता रद्द होऊन भारतीय न्याय संहिता अमलात आली, एवढेच घडले. पण जुनी संहिता जाताना एकटी गेली नाही. तिच्या अंगावर राज्यांनी वर्षानुवर्षे चढवलेली ठिगळेही तिच्याबरोबर गेली.

नव्या फौजदारी कायद्यांबाबत राजधानीत झालेली चर्चा प्रामुख्याने राजद्रोह, दहशतवाद, पोलिस कोठडीची मुदत आणि कायद्यांची हिंदी नावे यांभोवती फिरली. ते स्वाभाविकही होते. परंतु सामान्य नागरिकाचा फौजदारी कायद्याशी संबंध येतो तो बहुधा चोरीच्या निमित्ताने. घरासमोर उभी केलेली दुचाकी सकाळी जागेवर नसते, तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा पोलिस ठाण्याची पायरी चढतो. तिथे नव्या संहितेने काय बदलले आणि राज्यांच्या हातून काय निसटले, याचा हिशेब अद्याप नीट मांडला गेलेला नाही.

फौजदारी कायदा हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील विषय आहे. दंड संहिता केंद्राची असली, तरी अनुच्छेद २५४ च्या दुसऱ्या खंडानुसार राष्ट्रपतींची संमती मिळवून राज्य विधिमंडळ तिच्यात आपल्यापुरता बदल करू शकते. राज्यांनी हा अधिकार चोरीच्या प्रकरणात आपापल्या गरजेनुसार वापरला. तमिळनाडूने १९९३ मध्ये देवळांतील मूर्तींच्या चोरीसाठी कलम ३८० मध्ये स्वतंत्र पोटकलम घातले. त्या राज्याला प्राचीन कांस्यमूर्तींच्या तस्करीने ग्रासले होते. हरियाणाने २०१५ मध्ये हिसकावून नेण्याच्या गुन्ह्यासाठी ३७९-अ आणि ३७९-ब ही कलमे आणली; हिसकावताना इजा झाली तर किमान दहा आणि कमाल चौदा वर्षांची शिक्षा ठेवली. गुजरातनेही २०१९ मध्ये याच गुन्ह्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत नेली. या दुरुस्त्या शहाणपणाच्या होत्या काय, हा प्रश्न वेगळा. साधी जबरी चोरी करणाऱ्यापेक्षा मोबाइल हिसकावणाऱ्या पोराला किमान शिक्षा अधिक कडक, ही हरियाणाची रचना अनेक विधिज्ञांना खटकण्यासारखीच होती. तथापि ती निवडून आलेल्या विधानसभेने विचारपूर्वक केलेली आणि राष्ट्रपतींनी मान्य केलेली रचना होती.

न्याय संहितेने यांतील काही कल्पना उचलल्या, काही सोडल्या. हिसकावण्याला कलम ३०४ मध्ये प्रथमच देशव्यापी गुन्ह्याचे नाव मिळाले. शिक्षा मात्र साध्या चोरीइतकीच, तीन वर्षांपर्यंत. याउलट मूर्तीचोरी कलम ३०५ मध्ये घरफोडीच्या जवळ बसवली गेली आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा मिळाली. गंमत अशी, की तमिळनाडूच्या स्वतःच्या दुरुस्तीत ही शिक्षा किमान दोन आणि कमाल तीन वर्षे होती. म्हणजे एका राज्याचा कायदा नकळत सौम्य झाला आणि दुसऱ्याचा नकळत कडक. दोन्ही बदलांमागील तर्क कोणत्याही विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत शोधून सापडत नाही.

विधेयकाचा संसदेतील प्रवास पाहिला तर याचे आश्चर्य वाटत नाही. गृहमंत्री अमित शहा यांनी ११ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत तीन विधेयके मांडली. ती गृहखात्याच्या स्थायी समितीकडे गेली. नोव्हेंबरमध्ये समितीचा अहवाल आला. विरोधी सदस्यांनी भिन्नमत नोंदवले. सरकारने मूळ विधेयके मागे घेऊन १२ डिसेंबरला सुधारित विधेयके आणली. २० डिसेंबरला लोकसभेने आणि २१ डिसेंबरला राज्यसभेने ती मंजूर केली. त्याच अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. राज्यांच्या दुरुस्त्यांचे काय होणार, असा प्रश्न विचारण्याची ज्यांना राजकीय गरज होती, त्यांतील बरेच जण त्या दिवशी सभागृहाबाहेर होते. २५ डिसेंबरला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली.

साखळी ओढणारा बहुधा दुचाकीवरून येतो आणि ती दुचाकी अनेकदा चोरीची असते. त्यामुळे गाडीच्या चोरीकडे वळणे क्रमप्राप्त ठरते. २०२१ ते २०२३ या काळात एकट्या दिल्लीत दरवर्षी पस्तीस हजारांहून अधिक वाहनचोऱ्या नोंदल्या गेल्या. दिवसाचा हिशेब केला तर शंभरच्या आसपास. त्यांतील बहुसंख्य गाड्या मालकाला पुन्हा दिसत नाहीत. दिल्ली पोलिसांनी २०१५ मध्ये वाहनचोरीची तक्रार संगणकावरून नोंदवण्याची सोय केली. मालकाला ठाण्यात न जाता प्राथमिक माहिती अहवाल मिळू लागला आणि गाडी सापडत नसल्याचा दाखलाही ठरावीक मुदतीत हाती पडू लागला. सोय उत्तमच. परंतु हा दाखला प्रामुख्याने विमा कंपनीसाठी लागतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. वाहनचोरी हा तपासाचा विषय कमी आणि विम्याच्या कागदपत्रांचा विषय अधिक झाला, तो तिथून.

जुन्या संहितेत गाडीच्या चोरीला वेगळे कलम नव्हते. कलम ३७९ खाली बकरी चोरणारा आणि मोटार चोरणारा एकाच रांगेत उभे राहत. कमाल शिक्षा तीन वर्षे. न्याय संहितेत ही रांग मोडली. साधी चोरी आता कलम ३०३ मध्ये आहे. शिक्षा तीच, मात्र दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी. कलम ३०५ मध्ये राहत्या घरातील चोरीच्या जोडीला ‘माल किंवा प्रवासी यांच्या वाहतुकीसाठी वापरले जाणारे वाहतुकीचे साधन’ चोरण्याचा गुन्हा आला असून त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आता प्रश्न असा, की एखाद्या कारकुनाची कार्यालयात जाण्या-येण्याची मोटारसायकल हे प्रवासी वाहतुकीचे साधन आहे काय? व्यापक अर्थ लावला तर रस्त्यावरील प्रत्येक वाहन त्यात बसते. शब्दशः अर्थ लावला तर ट्रक, टेम्पो, टॅक्सी, रिक्षा एवढीच वाहने बसतात. मग सायकलरिक्षा पळवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत आणि दहा लाखांची खासगी मोटार पळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, असे चित्र उभे राहते. मसुदा लिहिणाऱ्यांना हे अभिप्रेत नसावे. पण त्यांना नेमके काय अभिप्रेत होते, हे मजकुरावरून कळत नाही, आणि तोवर कोणते कलम लावायचे हे ठाण्यातील अंमलदार ठरवणार. तीन वर्षे आणि सात वर्षे यांतील अंतर जामिनाच्या अर्जावर सुनावणी होते तेव्हा चांगलेच जाणवते.

याहून मोठी उडी कलम १११ मध्ये आहे. संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत अपहरण, दरोडेखोरी, खंडणी, सुपारी घेऊन केलेला खून यांच्या पंक्तीत वाहनचोरीचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा किमान पाच वर्षे, कमाल जन्मठेप, आणि दंड पाच लाखांपेक्षा कमी नाही. ज्यांनी महाराष्ट्राचा १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा वाचला आहे, त्यांना या कलमाची भाषा ओळखीची वाटेल. दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे, न्यायालयाने घेतलेली दखल, तीन वर्षे वा अधिक शिक्षेचा गुन्हा, ‘चालू असलेले बेकायदा कृत्य’ ही सारी सामग्री मुंबईहून आली आहे. हा कायदा केंद्राने जानेवारी २००२ मध्ये दिल्लीलाही लागू केला. मराठी वृत्तपत्रांत ज्याला ‘मोक्का’ म्हणतात तो राजधानीत ‘मकोका’ झाला आणि आंतरराज्य वाहनचोरांच्या टोळ्यांवर दिल्ली पोलिसांनी तो वापरला. आता त्याचीच प्रतिकृती देशभर लागू आहे, आणि मूळ कायदाही रद्द झालेला नाही.

प्रतिकृतीत एक महत्त्वाचा भाग मात्र गळाला. महाराष्ट्राच्या कायद्यात गुन्हा नोंदवण्यापूर्वी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मान्यता लागते आणि न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी अतिरिक्त महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. कायदा कठोर होता म्हणून त्याच्या दारावर वरिष्ठ पहारेकरी ठेवले होते. न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये असा पहारा नाही. जामिनावरील कडक अटी आणि पोलिस अधिकाऱ्यासमोर दिलेल्या कबुलीजबाबाची ग्राह्यता या जाचक तरतुदीही त्यात नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही दोन जुन्या चोऱ्यांची दोषारोपपत्रे नावावर असलेल्या आणि टोळीशी नाव जोडल्या गेलेल्या तरुणावर जन्मठेपेपर्यंतचे कलम लावण्याचा निर्णय ठाण्याच्या पातळीवर होऊ शकतो.

कलम ११२ ची कथा आणखी वेगळी. ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या मसुद्यात ‘क्षुल्लक संघटित गुन्हेगारी’ या नव्या गुन्ह्याच्या यादीत वाहनाची चोरी आणि वाहनातून चोरी हे दोन्ही होते. शिवाय नागरिकांमध्ये असुरक्षिततेची सर्वसाधारण भावना निर्माण होणे असा अत्यंत सैल निकष होता. डिसेंबरच्या सुधारित विधेयकातून तो निकष गेला, हे चांगले झाले. मात्र स्पष्टीकरणातील यादीत वाहनातून चोरी राहिली आणि वाहनाची चोरी वगळली गेली. यादी केवळ उदाहरणादाखल आहे, त्यामुळे वाहनाची चोरीही त्यात येते, असा युक्तिवाद करता येतो. ती हेतुतः वगळून कलम १११ साठी राखून ठेवली, असाही करता येतो. दोन मसुद्यांमधील चार महिन्यांत हा शब्द का गेला, हे सभागृहात कोणी विचारले असते तर आज वकिलांना तर्क लढवावे लागले नसते.

हे झाले मोटारवाल्यांचे. सायकलवाल्यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल वा त्याची किंमत परत केलेली, अशा प्रकरणात कलम ३०३ नुसार तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. शिक्षेच्या कल्पनेतील हा बदल स्वागतार्हच होता. परंतु नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात पाच हजारांखालील अशा चोरीला अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवण्यात आले. अदखलपात्र म्हणजे पोलिस दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास करू शकत नाहीत. तक्रार एका नोंदवहीत जाते आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगितले जाते. सामुदायिक सेवेची सवलत चोर सापडून दोषी ठरल्यानंतरची; तपासाचा दरवाजा मात्र चोर सापडण्यापूर्वीच बंद. तो नवखा आहे की सराईत, हे कोणाला कसे कळणार? दिल्लीच्या सीमेवरील कारखान्यांत जुन्या सायकलीवरून कामाला जाणाऱ्या मजुराचे ‘वाहन’ बहुधा पाच हजारांच्या आतच बसते. त्याच्यासाठी ती सायकल म्हणजे रोजचे बसभाडे आणि वेळेवर लागणारी हजेरी. १८६० च्या संहितेने त्याच्या सायकलीची किंमत विचारली नव्हती.

चोराइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा माणूस म्हणजे चोरीचा माल घेणारा. चोरीची गाडी फार काळ गाडी राहत नाही. काही तासांत तिचे इंजिन एकीकडे, दरवाजे दुसरीकडे आणि चाके तिसरीकडे जातात. किंवा अपघातात मोडलेल्या गाडीचा चासी क्रमांक तिच्यावर ठोकला जातो आणि ती नव्या कागदपत्रांनिशी दूरच्या राज्यात पोहोचते. उत्तर भारतात या सुट्या भागांचा सर्वांत कुप्रसिद्ध बाजार मेरठचे सोतीगंज. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी तिथल्या दुकानदारांना नोटिसा देऊन मालाचा हिशेब मागितला आणि बाजार बंद पडला. त्याच महिन्यात शाहजहानपूरच्या सभेत पंतप्रधानांनी सोतीगंजचा नामोल्लेख केला. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. भंगाराच्या बाजाराला राष्ट्रीय प्रचारसभेत स्थान मिळण्याचे असे प्रसंग विरळाच.

सोतीगंजमध्ये परिणामकारक ठरले ते दंड संहितेचे कलम नव्हे. चोरीचा माल नेहमी बाळगणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देणारे कलम ४१३ दीडशे वर्षांहून अधिक काळ पुस्तकात होतेच. दुकानदार हादरले ते राज्याच्या १९८६ च्या गुंडटोळीविरोधी कायद्यामुळे, कारण त्यात जिल्हाधिकारी टोळीच्या कमाईतून उभ्या राहिलेल्या इमारती, भूखंड आणि बँक खाती यांवर टाच आणू शकतो. या कायद्याच्या गैरवापराच्या तक्रारी जुन्या आहेत आणि त्या निराधार नाहीत. पण मालाच्या खरेदीदाराला तुरुंगापेक्षा मालमत्तेची भीती अधिक असते, हे त्या प्रकरणात दिसले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये हाच विचार देशभरासाठी आला आहे. गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता न्यायालयाच्या आदेशाने जप्त करून जिल्हा दंडाधिकाऱ्यामार्फत साठ दिवसांत पीडितांमध्ये वाटण्याची त्यात तरतूद आहे. ज्याची गाडी गेली त्याला त्यातून काही मिळाले, तर ती खरोखर नवी गोष्ट ठरेल.

चोरीच्या मालाची कलमे न्याय संहितेत एकाच कलम ३१७ मध्ये गोळा झाली आहेत. शिक्षा जवळपास जुन्याच. एक बदल मात्र दूरगामी आहे. पूर्वी चोरी, खंडणी, जबरी चोरी, अपहार आणि विश्वासघात यांतून आलेली वस्तू ‘चोरीची मालमत्ता’ ठरे. फसवणुकीतून आलेली नव्हे. आता फसवणुकीचाही समावेश झाला आहे. चालवून पाहतो म्हणून नेलेली गाडी, बनावट कागदपत्रांवर कर्ज काढून घेतलेली आणि लगेच विकलेली गाडी, या साखळीतील शेवटचा खरेदीदार आता थेट या कलमाच्या कक्षेत येतो. गाडी चोरीची आहे असे मानण्यास त्याच्याकडे कारण होते, हे दाखवले म्हणजे पुरे. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत, नोंदणीपुस्तकावाचून मिळालेली गाडी हे पुरेसे कारण ठरू शकते. जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रामाणिक पण निष्काळजी ग्राहक पुष्कळ असतात. कलमाच्या विस्ताराची झळ पहिल्यांदा त्यांनाच बसण्याची शक्यता आहे.

आणि इथे पुन्हा राज्ये येतात. पोलिस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय. परिवहन कार्यालये राज्यांची. भंगाराच्या बाजाराला परवाना देणाऱ्या नगरपालिका राज्यांच्या कायद्याखालच्या. केंद्राने २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्याच्या केंद्रांसाठी नियम केले. गाडी तोडण्यापूर्वी ती चोरीची नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आणि पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहणे बंधनकारक केले. नोंदणीकृत केंद्र हे करते. चोरीची गाडी नोंदणीकृत केंद्राकडे जातच नाही. ती जाते अशा गल्लीत, जिची माहिती स्थानिक ठाण्याला असते आणि दिल्लीतील मंत्रालयाला नसते.

सापडलेल्या गाडीचीही वेगळीच परवड होते. ठाण्याच्या आवारात गंजणाऱ्या गाड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच छायाचित्रे व पंचनामा करून त्या महिनाभरात सोडाव्यात असे सांगितले होते. दोन दशकांनंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने त्याला कायद्याचे रूप दिले. न्यायालयाने चौदा दिवसांत मालाचे विवरण करायचे, छायाचित्रण करून घ्यायचे आणि पुढील तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. राजधानीतील कोणत्याही ठाण्यासमोरून जाताना ही मुदत किती पाळली जाते, याचा अंदाज घेता येतो.

राज्यांना गमावलेली दुरुस्ती परत हवी असेल तर रस्ता खुला आहे, पण तो लांबचा आहे. तमिळनाडूने जुलै २०२४ मध्ये नव्या कायद्यांतील राज्यदुरुस्त्या सुचवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्तींची एकसदस्य समिती नेमली. पश्चिम बंगालच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये महिलांवरील अत्याचारांसंबंधी न्याय संहितेत बदल करणारे विधेयक संमत केले. महाराष्ट्राचा अनुभव तर बोलका आहे. विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेले शक्ती विधेयक जुन्या दंड संहितेत दुरुस्त्या करणारे होते. राष्ट्रपतींची संमती मिळण्यापूर्वी ती संहिताच अस्तित्वात उरली नाही.

यांतील दोन्ही विधेयके महिलांवरील गंभीर गुन्ह्यांबाबतची आहेत, कारण जनमताचा रेटा तिथे आहे. चोरीसाठी कोणते राज्य हा खटाटोप करील, हे सांगणे कठीण. कोणत्याही विधानसभेने पाच हजारांची मर्यादा सायकलींपुरती उठवायची किंवा हिसकावण्याची किमान शिक्षा पुन्हा बसवायची ठरवली, तर विधेयक संमत करावे लागेल, राज्यपालांनी ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवावे लागेल, आणि केंद्रीय गृहमंत्रालय त्यावर संबंधित खात्यांची मते मागवील. अभिप्राय देणारे मंत्रालय तेच असेल, ज्याने न्याय संहितेचा मसुदा तयार केला आणि त्यात हिसकावण्याला तीन वर्षे पुरेशी आहेत असे लिहिले.